पदवी नको, पण वर्ग नीट चालवा



आमच्या शाखेच्या कार्यालयात एका संध्याकाळी एक पॉइंट्समन आला. मूळचा चाळीसगावकडचा, आता फरिदाबादच्या बाजूला नोकरीला. माझ्या टेबलावर येणारे कागद साधारण ठरलेले असतात. बदली, क्वार्टरची गळती, अडकलेला टीए, कापलेली रजा. याच्या हातातला कागद वेगळा होता. त्याला विद्यापीठात जाऊन अर्थशास्त्राचा एक विषय शिकायचा होता. एकच विषय, पदवी नाही.

"भाऊ, पदवी घेऊन मला काय करायचे? पण बजेटच्या दिवशी टीव्हीवर बोलतात त्यातले निम्मे डोक्यावरून जाते. पगारातून पेन्शनचे पैसे कापतात, ते कुठे गुंतवतात, कसे वाढतात, हे मला कुणाच्या तोंडून ऐकायचे नाही, स्वतः समजून घ्यायचे आहे."

तो २००४ नंतर लागलेला, म्हणजे जुन्या पेन्शनच्या बाहेरचा. १ एप्रिल २०२५ पासून युनिफाइड पेन्शन स्कीम आली आणि एनपीएसमधल्या माणसाला दोहोंतून एक निवडण्याची वेळ आली, तेव्हा आमच्या कार्यालयाबाहेर रांग लागली होती. प्रत्येकाचा प्रश्न एकच, "भाऊ, कोणते घेऊ?" आता माझा गणिताशी संबंध मॅट्रिकच्या पेपरानंतर ओव्हरटाइमच्या हिशेबापुरताच उरला आहे. परिपत्रक वाचून दाखवले, जमेल तेवढे सांगितले. पण आयुष्यभराच्या पैशाचा निर्णय माणूस सेक्रेटरीच्या तोंडाकडे बघून घेतो, हे काही बरे लक्षण नव्हे. म्हणून या पॉइंट्समनचे म्हणणे मला पटले आणि त्याच्याबरोबर मीही या पदवी न देणाऱ्या छोट्या अभ्यासक्रमांच्या मागे लागलो. त्यात जे दिसले ते या अंकात मांडतो.

आधी एक गैरसमज. आपल्या लोकांना वाटते, ज्या शिक्षणाच्या शेवटी पदवी नाही ते शिक्षणच नव्हे. मला तसे वाटत नाही. मी भुसावळचा. आमचा जळगाव जिल्हा तेव्हा पुणे विद्यापीठाच्या हद्दीत होता. उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ १९९० साली झाले. त्या काळी विद्यापीठाच्या बहिःशाल शिक्षण मंडळाची व्याख्याने गावोगाव होत. ना परीक्षा, ना प्रमाणपत्र, ना फी. वडील ड्यूटीवरून येत, हातपाय धुवून, सदरा बदलून, मला घेऊन व्याख्यानाला जात. पृथ्वीच्या पोटात काय आहे, रुपया म्हणजे काय, राज्यघटनेत आपल्यासाठी काय लिहिले आहे, असले विषय. शेजारी लोको शेडचे फिटर, पोस्टातले सॉर्टर, मास्तर, किराणा दुकानदार. व्याख्यान संपले की प्रश्न. एकदा एका खलाशाने असा प्रश्न विचारला की प्राध्यापक महाशय क्षणभर थांबले आणि म्हणाले, "याचे उत्तर मी पुढच्या वेळी वाचून येऊन देतो." विद्यापीठ आपल्या दारात येते आणि आपल्या माणसासमोर क्षणभर थबकते, हे मी त्या वयात पाहिले. त्याची पदवी कुठे मिळत नाही.

आपल्या चळवळीलाही ही गोष्ट नवी नाही. १८९९ साली इंग्लंडात ऑक्सफर्डला कामगारांसाठी रस्किन कॉलेज निघाले. रेल्वेवाले, खाणकामगार तिथे शिकायला जात, त्यांच्या संघटना खर्च देत. ऑक्सफर्डची पदवी हा तिथला हेतूच नव्हता. १९०९ साली तिथल्या विद्यार्थ्यांनी संप केला. प्राचार्यांना घालवण्यात येत होते, ते निमित्त झाले. खरा वाद हा होता की कामगारांनी काय शिकायचे हे विद्यापीठाने ठरवायचे की कामगारांनी. संपवाल्यांनी बाहेर पडून सेंट्रल लेबर कॉलेज काढले. पुढे ते रेल्वे कामगारांच्या आणि साउथ वेल्सच्या खाणकामगारांच्या संघटनांच्या पैशावर चालले आणि १९२९ साली बंद पडले. पण त्यातून शिकून गेलेला एक खाणकामगार म्हणजे अन्यूरिन बेव्हन. त्याने आरोग्यमंत्री म्हणून १९४८ साली इंग्लंडात सर्वांना मोफत वैद्यकीय सेवा सुरू केली. रेल्वेवाल्यांच्या वर्गणीतला काही पैसा त्या माणसाच्या पुस्तकांना लागला, हे आपण अभिमानाने सांगायला हरकत नाही.

आपल्याकडे १९५८ साली केंद्र सरकारने कामगार शिक्षण मंडळ स्थापन केले, मुख्यालय नागपूरला. आता त्याला दत्तोपंत ठेंगडींचे नाव आहे. त्याची मूळ रचना चांगली होती. कारखान्यातल्या, कचेरीतल्या कामगारालाच शिकवून 'कामगार शिक्षक' करायचे आणि त्याने परत जाऊन आपल्या सोबत्यांचे वर्ग घ्यायचे. जुन्या पिढीतले कितीतरी कार्यकर्ते त्यातून बोलायला, लिहायला शिकले. इकडे दिल्लीच्या शेजारी नोएडाला राष्ट्रीय श्रम संस्था आहे. १९७४ साली निघालेली, आणि नाव व्ही. व्ही. गिरींचे. गिरी राष्ट्रपती झाले ते नंतर; त्याआधी ते बंगाल-नागपूर रेल्वेच्या कामगारांचे पुढारी आणि ऑल इंडिया रेल्वेमेन्स फेडरेशनचे अध्यक्ष होते. म्हणजे रेल्वेच्या माणसाचे नाव लावलेली ती शाळा आहे. संघटनांच्या कार्यकर्त्यांसाठी तिथे थोड्या दिवसांचे वर्ग होतात. मीही एकदा असा वर्ग करून आलो आहे. कायद्याचे कलम कसे वाचावे, त्यातला 'परंतु' कुठे लपलेला असतो, हे तिथल्या एका तासात जे कळले ते वीस वर्षे वाटाघाटी करून कळले नव्हते.

मग विद्यापीठे काय करतात? दिल्लीत विद्यापीठांना तोटा नाही. १९६२ साली दिल्ली विद्यापीठाने पत्राद्वारे शिक्षण सुरू केले, ते देशातले पहिले. सुरुवातीला विद्यार्थी नऊशेच्या आसपास. टपालखात्यातल्या बांधवांनी ध्यानात घ्यावे की ते सारे शिक्षण त्यांच्या खांद्यावरच्या पिशवीतून घरोघर गेले. १९८५ साली इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठ झाले, मैदानगढीला. रेल्वेचीही 'इन्स्टिट्यूट ऑफ रेल ट्रान्सपोर्ट' ही संस्था १९६४ पासून आहे. ती रेल्वे भवनातून पत्राद्वारे पदविका चालवते आणि आपले कित्येकजण ती करतात. पण हे सगळे पदवी, पदविकेचे मार्ग. आमच्या पॉइंट्समनला हवा होता एक विषय, शिक्षकासमोर बसून.

तशी सोय झाली आहे. २०२२ साली दिल्ली विद्यापीठाने 'कॉम्पिटन्स एन्हान्समेंट स्कीम' नावाची योजना मंजूर केली. वयाची अट नाही. नोकरदार असो, निवृत्त असो, नेहमीच्या विद्यार्थ्यांच्या वर्गात बसून एखादा विषय शिकता येतो. एका सत्रात जास्तीत जास्त दोन विषय किंवा आठ क्रेडिट. जागा मात्र वर्गाच्या दहा टक्के किंवा सहा, यांतला जो आकडा लहान असेल तेवढ्याच. कल्पना मला आवडली. साठीच्या पोस्टमास्तराने अठरा वर्षांच्या पोरांच्या शेजारी बसावे, पोरांनाही जग कळेल. सहा जागा म्हणजे आपल्या जनरल डब्याच्या एका बाकड्यावरसुद्धा जास्त माणसे बसतात, पण सुरुवात म्हणून ठीक आहे.

अडचण जागांची नाही. ती हजेरीची आहे, आणि ती मी व त्या पॉइंट्समनने रोस्टर समोर ठेवून पाठकोऱ्या कागदावर मांडली. तो हिशेब जसाच्या तसा देतो.

एक विषय चार क्रेडिटचा. एका क्रेडिटला पंधरा तास, म्हणजे एकूण साठ तास. पंधरा आठवडे, आठवड्याला चार तास. आमच्या माणसाची पाळी आठवड्याला फिरते. पहिला आठवडा सकाळी सहा ते दुपारी दोन, दुसरा दुपारी दोन ते रात्री दहा, तिसरा रात्री दहा ते सकाळी सहा. वर्ग सकाळी अकराला धरा. सकाळच्या पाळीचे सगळे आठवडे बुडाले. पंधरातले पाच आठवडे गेले, वीस तास गेले, राहिले चाळीस. साठात चाळीस म्हणजे सहासष्ट टक्के. विद्यापीठांत साधारण नियम कुठे पंचाहत्तर टक्क्यांचा, कुठे दोन तृतीयांशाचा. पंचाहत्तर टक्के म्हणजे पंचेचाळीस तास. आमचा माणूस पाच तासांनी नापास. दोन तृतीयांश म्हणजे बरोबर चाळीस. तिथे तो काठावर उभा. एक दिवस ताप आला, एक दिवस रिलीव्हर आला नाही, एक दिवस धुक्यात गाडी आउटरला उभी राहिली, की गेला.

आणि यात मी धरून चाललो आहे की रात्रपाळी करून सकाळी सहाला सुटलेला माणूस न झोपता मेट्रो पकडतो, काश्मीरी गेटला गाडी बदलतो, विश्वविद्यालय स्टेशनला उतरतो आणि अकरा वाजता डोळे उघडे ठेवून मागणी-पुरवठ्याचा आलेख वहीत काढतो.

यावर आपले लोक लगेच म्हणतात, मग संध्याकाळचे वर्ग मागा. मीही आधी तेच म्हणालो. मग पॉइंट्समननेच कागद माझ्याकडे सरकवला. "भाऊ, वर्ग संध्याकाळी सहाला ठेवला तर दुपारच्या पाळीचा आठवडा बुडतो. वीस तास तेच." खरेच की! वर्ग कोणत्याही ठरलेल्या वेळेला ठेवा, फिरत्या पाळीतल्या माणसाचे तीनातले एक आठवडे जाणारच. कचेरीतल्या बाबूला संध्याकाळचा वर्ग सोयीचा, पण पॉइंट्समन, स्टेशनमास्तर, कंट्रोलर आणि आरएमएसच्या सॉर्टरला नाही. बारा तासांच्या रोस्टरवरच्या गेटमनची तर गोष्टच नको. आम्ही इतकी वर्षे ठरावात 'सायंकालीन वर्ग सुरू करावेत' असे छापत आलो आणि ते कोणाच्या उपयोगाचे हे एकदाही मोजून पाहिले नाही. ही चूक आमची.

उपाय साधा आहे. एकच धडा दिवसातून दोनदा, सकाळी आणि संध्याकाळी. ज्याला सकाळी जमेल तो सकाळी, ज्याला संध्याकाळी तो संध्याकाळी, हजेरीपट एकच. मग सकाळच्या पाळीचा आठवडा संध्याकाळी भरून निघतो आणि दुपारच्या पाळीचा सकाळी. मुंबईच्या सिद्धार्थ कॉलेजची आठवण इथे येते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने ते १९४६ साली काढले आणि नोकरी करणाऱ्यांना शिकता यावे म्हणून तिथे सकाळचे वर्ग ठेवले. आपले रेल्वेमंत्री राहिलेले मधु दंडवते याच कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवत. विद्यार्थ्याची नोकरी आधी बघायची आणि घंटा मग वाजवायची, ही रीत तिथली. दिल्ली विद्यापीठातही महिलांसाठी १९४४ पासून नॉन-कॉलेजिएट बोर्ड आहे, त्याचे वर्ग शनिवार-रविवारी होतात आणि त्यातून मुली पदवीधर होतात. म्हणजे वेळापत्रक वाकवता येते. फक्त ती सोय दिल्लीत राहणाऱ्या महिलांपुरती. फरिदाबाद, गाझियाबादला क्वार्टर मिळालेल्या आमच्या भगिनींना ती नाही. राज्याची सीमा रुळाच्या मधून जाते तशी.

उलट दिल्लीत काही संध्याकाळची कॉलेजे गेल्या दहा-बारा वर्षांत दिवसाची झाली. दयाल सिंग कॉलेजचे सायंकालीन कॉलेज २०१७ साली दिवसाचे झाले, त्याआधी रामलाल आनंदचे सायंकालीन कॉलेज आर्यभट्ट कॉलेज म्हणून सकाळचे झाले. तिथल्या विद्यार्थ्यांची आणि शिक्षकांची मागणी होती, त्यांची कारणेही असतील. मुलींना रात्री घरी जाण्याचा प्रश्न मोठाच आहे. पण संध्याकाळी शिकणारा नोकरदार त्या चर्चेत कुठेच नव्हता, कारण त्याच्या वतीने बोलायला कोणी गेलेच नाही. आम्हीही नाही.

आता या वर्गांच्या कारभाराविषयी, कारण खरी रड तिथे आहे. पदवीचा अभ्यासक्रम बंद पडला तर मोर्चा निघतो. तीन महिन्यांचा वर्ग बंद पडला तर त्याची बातमीही होत नाही. म्हणून त्याचे पालकत्व कोणी घेत नाही. आमचा पॉइंट्समन राजधानीतल्या एका विद्यापीठात चौकशीला गेला. नाव देत नाही. पहिल्या खिडकीने दुसरीकडे पाठवले, दुसरीने विभागाकडे, विभागाने परत पहिलीकडे. शेवटी एका कारकुनाने खरे सांगितले की पदवीच्या कामातून हात मोकळा झाला तर तो हे रजिस्टर उघडतो, त्याला यासाठी वेगळी माणसे दिलेली नाहीत. त्या कारकुनावर मला राग नाही. तो आपल्यासारखाच, दोन जागांचे काम एकट्याने ओढणारा.

दुसरी गोष्ट जास्त वाईट. आमच्याच एका ट्रॅकमनने मुलीसाठी आणि स्वतःसाठी संगणकाचा वर्ग लावला. पाटीवर मोठ्या अक्षरांत एका विद्यापीठाचे नाव, आत दोन खोल्या. फी आगाऊ. महिन्याभराने शिक्षक येईनासा झाला, दोन महिन्यांनी पाटी उतरली. पैसे गेले. कायद्याने पदवी देण्याचा अधिकार विद्यापीठांनाच आहे, विद्यापीठ अनुदान आयोगाच्या १९५६ च्या कायद्यात तसे आहे. पण नुसते प्रमाणपत्र छापायला कोणाची आडकाठी? पदवी नाही म्हणून पहारा नाही, आणि पहारा नाही म्हणून पाकीटमार. विद्यापीठांनी आपले छोटे वर्ग स्वतः, आपल्या आवारात, आपल्या शिक्षकांकडून चालवावेत. नाव भाड्याने देऊ नये.

शिक्षकांबद्दल एक सांगणे आवश्यक आहे, नाहीतर आपण स्वार्थी ठरू. हे जादा वर्ग बहुतेक ठिकाणी तासावर नेमलेल्या शिक्षकांच्या गळ्यात पडतात. एकच धडा दोनदा घ्या असे आपण मागतो, तेव्हा त्या शिक्षकाला दोन्ही तासांचा पैसा मिळाला पाहिजे हेही त्याच वाक्यात मागितले पाहिजे. रेल्वेतल्या कंत्राटी सफाईवाल्यासाठी भांडणाऱ्याने विद्यापीठातल्या कंत्राटी मास्तराकडे काणाडोळा करायचा, हे शोभत नाही.

आणि आपले प्रशासन? अभ्यास रजेचा नियम आहे, पण तो मोठ्या अभ्यासक्रमांसाठी, नोकरीच्या कामाशी थेट संबंध असलेल्या शिक्षणासाठी. आठवड्याला चार तास शिकणाऱ्याला महिन्यांची रजा नको असते. त्याला हवे असते पाळी बदलण्याची मुभा. सोबत्याबरोबर पाळी बदलायला सुपरवायझर हो म्हणाला की प्रश्न सुटतो. तो हो म्हणेल का, हे आज त्याच्या त्या दिवशीच्या मनःस्थितीवर आहे. ते नियमात यावे. तसेच अशा वर्गाची नोंद सेवापुस्तकात व्हावी. बढतीत गुण द्या असे मी म्हणत नाही, आणि यावर आमच्या कार्यकारिणीत मतभेद आहेत. तरुण मंडळी म्हणतात, गुण नसतील तर कोण शिकेल? मला भीती अशी की गुण लावले की दुसऱ्या दिवशी बाजारात गुणांची दुकाने लागतील, आणि वर आला तो ट्रॅकमन पुन्हा त्याच पाटीखाली फसेल. नोंद पुरे. टपालातल्या एका मित्राचे म्हणणे वेगळे आहे. त्यांच्याकडे पोस्टमन, क्लार्कच्या जागांसाठी खात्याच्या परीक्षा असतात, तेव्हा त्या परीक्षांच्या तयारीचेच छोटे वर्ग विद्यापीठाने घ्यावेत. माझे मन त्याला तयार नाही. परीक्षेची तयारी संघटनेने करून घ्यावी, तो आपला धंदा. विद्यापीठाकडून आपण ते घ्यावे जे आपल्याला एकमेकांना देता येत नाही.

ठरावाचा मसुदा आमच्या शाखेने तयार केला आहे. एकच धडा दोन वेळा, दोन्ही तासांचे मानधन, चौकशीची एक खिडकी आणि तिथे नेमलेला एक माणूस, वर्ग रद्द झाल्यास ठरलेल्या मुदतीत फी परत, प्रमाणपत्रावर विषय आणि तास छापलेले, आणि आपल्या बाजूने पाळी बदलण्याचा नियम. ही यादी घेऊन आम्ही आधी विद्यापीठाच्या शिक्षक संघटनेकडे जाणार आहोत, कुलगुरूंकडे नंतर. क्रम मुद्दाम तसा ठेवला आहे.

त्यासाठी एक मदत हवी. आमच्याकडे रेल्वेच्या पाळ्यांचा हिशेब आहे, आरएमएस आणि टपाल कार्यालयांचा नाही. टपालातल्या बांधवांनी आपापल्या कार्यालयातला पाळ्यांचा तक्ता, आठवडा कसा फिरतो ते लिहून, संपादकांच्या पत्त्यावर पाठवावा. साध्या पोस्टकार्डावर चालेल. वर्गाची कोणती वेळ चालेल हे त्यात लिहू नका. ते आम्ही मांडून बघू, कारण मागच्या वेळी न मांडताच मागणी केली होती.

पॉइंट्समन दर आठवड्याला विचारायला येतो. या आठवड्यात त्याची रात्रपाळी आहे.